कुमारवयीन मुलांसोबत कथा वाचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी ते दहावीची काही पोरं तासभर मागं थांबतात. आम्ही एक गोष्ट वाचतो आणि मग तिच्यावरून भांडतो. इतर शाळांतले शिक्षक, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, एखादे पालक हेच हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

‘अभिजात’ कथा म्हणजे नेमकी कोणती? जुनी असली की झालं?

नाही. जुन्या गोष्टी कपाटभर असतात, त्यातल्या निम्म्या आज वाचवत नाहीत. माझी कसोटी साधी आहे. गोष्ट लिहिली गेली तेव्हाचे भाव, कपडे, वाहनं सगळं बदललं आणि तरीही आठवीतला पोरगा पात्राची बाजू घेऊन शेजारच्याशी भांडला, तर ती टिकली. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधल्या हमीदकडं तीन पैसे असतात. आज तीन पैशांत काहीच येत नाही, पण जत्रेत खिशात कमी पैसे असण्याचा अर्थ पोरांना सांगावा लागत नाही.

आणि गोष्ट सांगायची रीत आपल्याकडं काही काल-परवाची नाही. म्हाइंभटांनी १३ व्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं. त्यातल्या कितीतरी लीळा अर्ध्या पानाच्या आहेत, आणि पैठणसह गोदावरीकाठच्या गावांत घडतात. पोरांना हे सांगितलं की ती थोडी ताठ बसतात.

गोष्ट निवडताना सगळ्यात आधी काय बघता?

दोन गोष्टी बघते. पहिली लांबी. मोठ्यानं वाचून वीस-पंचवीस मिनिटांत संपली पाहिजे. पुढच्या शनिवारी उरलेली वाचू म्हटलं की निम्मी पोरं विसरतात आणि निम्मी येत नाहीत.

दुसरी जास्त महत्त्वाची. गोष्ट संपल्यावर मला स्वतःला उत्तर माहीत नसलेला एक तरी प्रश्न उरतो का? मला उत्तर पाठ असेल तर ती चर्चा नसते, तोंडी परीक्षा असते. पोरं ते दोन मिनिटांत ओळखतात आणि मला हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात.

उदाहरणच द्यायचं तर मोपासाँची ‘नेकलेस’. मैत्रिणीकडून समारंभासाठी मागून घेतलेला हार हरवतो. नवरा-बायको कर्ज काढून ३६,००० फ्रँकचा तसाच हार विकत घेऊन परत करतात, दहा वर्षं राबून कर्ज फेडतात, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता. आमच्या वर्गात शेवटची ओळ संपली तशी मागून आवाज आला, “मॅडम, बेन्टेक्सचा निघाला!” सगळा वर्ग हसला. मग एका मुलीनं विचारलं, “हरवला असं खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?” लग्नात चुलतीचा, मावशीचा डाग (दागिना) मागून घालणं आपल्याकडं घरोघर चालतं. तास संपला तरी मुली उठेनात. मैत्रिणीनं देतानाच हार खोटा आहे हे सांगायला हवं होतं का, यावर अजून आमचं एकमत नाही, आणि माझंही मत दोनदा बदललंय.

कोणत्या वयाला कोणती कथा?

वयापेक्षा वाचनाची सवय बघा. तरी अंदाज म्हणून सांगते.

सातवी-आठवीला हसवणारी गोष्ट आधी द्या. द. मा. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा ‘माझ्या बापाची पेंड’. विनोदी गोष्टीवर चर्चा होत नाही असं समजू नका. खेड्यात भूत ‘जन्माला’ कसं येतं हे वाचून झाल्यावर पोरं आपापल्या गावच्या चिंचेची आणि आडाची भुतं सांगायला लागतात, आणि त्यातलाच कुणीतरी विचारतो, पहिल्यांदा पाहिलं कुणी? प्रकाश नारायण संतांचा लंपन (‘वनवास’पासून पुढची पुस्तकं) याच वयाचा आहे. बेळगावकडची बोली पहिली पाच मिनिटं अडते, नंतर पोरं तशीच बोलायला लागतात.

नववी-दहावीला व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला ‘झेल्या’, अण्णा भाऊ साठेंची ‘स्मशानातील सोनं’, भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’, चेकॉव्हची ‘पैज’.

अकरावीपासून बाबूराव बागूल, जी. ए. कुलकर्णी, गोगोलचा ‘ओव्हरकोट’. जी. एं.च्या ‘रमलखुणा’तल्या दोन दीर्घ कथांपासून मात्र सुरुवात करू नका. मी हौसेनं केली होती. दुसऱ्या शनिवारी तीन पोरं उरली, त्यातलं एक माझं स्वतःचं.

मराठवाड्यातल्या लेखकांपासूनच सुरुवात करावी का?

करावी, पण ‘आपला माणूस’ म्हणून नको. करण्याचं कारण वेगळं आहे. आमच्या पोरांना वाटतं की पुस्तकातली भाषा पुण्याची असते आणि आपण बोलतो ती चुकीची. रा. रं. बोराडे यांच्या ‘पेरणी’, ‘मळणी’ या संग्रहांतली बोली मोठ्यानं वाचली की वर्गात आधी खसखस पिकते, मग शांतता होते. आपली आजी जसं बोलते तसं कुणीतरी छापलंय, हे त्या शांततेत असतं.

‘लाल चिखल’बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इतकी चांगली चर्चा दुसऱ्या कोणत्याच गोष्टीवर झालेली नाही. गोष्ट एवढीच आहे : शेतकरी टोमॅटो घेऊन बाजाराला येतो, सोबत शाळेत जाणारा मुलगा. भाव कोसळलेला. गिऱ्हाईक मातीमोल मागतं. शेवटी बाप ढिगावर उभा राहून स्वतःच्या हातानं पिकवलेला माल पायानं तुडवतो. मी वाचून थांबले. पहिला बोलला तो नेहमी खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा. “मॅडम, कॅरेटला किती मिळत होते?” मग त्यानं हिशेब मांडला. तोडणीची मजुरी, गाडीभाडं, मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, गेलं तर आडत, हमाली, तोलाई. फळ्यावर आकडे लिहिले. भाडंसुद्धा निघत नाही हे दाखवून तो म्हणाला, “मग आणलाच कामून बाजारात? बांधावर सोडायचा.” दुसरा उसळला, “माल पिकल्यावर रानात ठेवून बघ एकदा.” तिसरी म्हणाली, की तिला बापाचं काही वाटलं नाही, त्या मुलाचं वाटलं, कारण चारचौघांत बापाला तसं करताना त्याला बघावं लागलं. मी चाळीस मिनिटांत तीन वाक्यं बोलले असेन.

परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्या कथा मात्र जरा थांबून द्या. निजामाच्या राज्यातला काळ, त्या काळची उर्दू वळणाची भाषा, कारकुनी जगणं हे सगळं दहावीच्या पोरांना परकं वाटतं. आम्ही एक युक्ती करतो. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात वाचायचं, आणि आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून निजामाच्या काळातले पाच शब्द विचारून आणायचे. एकानं आणलेल्या यादीत ‘मोंढा’ होता. रोज वापरतो तो शब्द जुना आहे हे त्याला पटतच नव्हतं.

आजचे कथाकार हवे असतील तर आसाराम लोमटे वाचा. ‘आलोक’ या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभिजात म्हणायला अजून काळ जावा लागेल, पण परभणीकडचं आजचं खेडं त्यात आहे.

मग परदेशी गोष्टी कशाला? आधीच वेळ कमी.

कारण जवळच्या गोष्टीत जे बोलायला पोरं बिचकतात, ते दूरच्या गोष्टीत बिनधास्त बोलतात. टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते’ वाचा. दिवस मावळायच्या आत पायी जेवढी जमीन घेरशील तेवढी तुझी, असा सौदा असतो. पाखोम धावत सुटतो, सुरुवातीच्या जागी पोचतो आणि मरतो. उरते पुरण्यापुरती जागा. बांधावरून कोर्टात गेलेली भावकी वर्गातच दोन बाकांवर बसलेली असते. रशियातल्या पाखोमबद्दल दोघंही मोकळेपणानं बोलतात.

रवींद्रनाथांची ‘सुट्टी’ परदेशी नाही, बंगालची, पण दूरचीच, आणि ती तर आमच्याकडं हमखास चालते. खेड्यातला तेरा-चौदा वर्षांचा फटिक शिकायला मामाकडं कोलकात्याला जातो. मामीला तो नकोसा असतो. कधी एकदा सुट्टी लागते आणि घरी जातो एवढंच त्याच्या डोक्यात. तापात तो बोटीवरच्या खलाशांसारखी पाण्याची खोली मोजत बरळतो, तळ काही लागत नाही. ‘लातूर पॅटर्न’साठी दहावीनंतर नातेवाइकांकडं किंवा खोली करून राहायला जाणारी आमची पोरं ही गोष्ट ऐकताना मान वर करत नाहीत. ती वाचल्यावर मी काही विचारत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या वाटते.

भाषा अवघड असते. शब्दार्थ आधी सांगावेत का?

तीन-चारच सांगा, ज्यांच्यावाचून गोष्ट अडेल तेवढे. बाकीचे ऐकता ऐकता कळतात. ‘ईदगाह’ तर मी हिंदीतूनच वाचते. पोरांना हिंदी विषय आहेच, शिवाय वर्गातली दखनी बोलणारी पोरं त्या दिवशी आमची शिक्षक होतात. चिमट्यानं बाकीच्यांच्या खेळण्यांना वादात हरवणारा हमीद एका मुलानं असा काही वाचून दाखवला होता, की मी त्यानंतर ती गोष्ट स्वतः वाचायची सोडून दिली.

दुःखी गोष्टी मुलांना द्याव्यात का? आपल्याकडं तर शेतकरी आत्महत्या…

याचं उत्तर मी चुकून शिकले. ‘लाल चिखल’ मी पहिल्यांदा दुसऱ्या एका शाळेत वाचली होती. मध्येच तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून बाहेर गेली, हापशापाशी जाऊन उभी राहिली. मी वाचत राहिले. तास सुटल्यावर शिपाईमावशींनी सांगितलं, की आदल्या वर्षी तिच्या वडिलांनी फवारणीचं औषध घेतलं होतं. गोष्टीत आत्महत्या नाही, पण तिला ती पुढं दिसली असणार. नवीन शाळा, मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून वर्गशिक्षकांना आधी विचारते, कुणाच्या घरी काय झालंय. आदल्या दिवशी वर्गाला सांगते, उद्याची गोष्ट कशाबद्दल आहे. ज्याला उठून जायचं त्यानं कारण न सांगता जावं, हे पहिल्याच शनिवारी ठरलेलं असतं. आणि गोष्टीनंतर एखादं पोर गप्प गप्प राहिलं तर त्याला एकटं घरी धाडत नाही. थोडं सोबत चालते, घरी कोण आहे ते विचारते, आणि गरज वाटली तर त्याच दिवशी घरच्यांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलते.

एवढं करूनही दुःखी गोष्टी द्यायच्याच. त्या मुलीनं महिनाभरानं मागून घेऊन ती गोष्ट पूर्ण वाचली. का मागितली हे मी विचारलं नाही.

जातीवरच्या कथा वर्गात घ्याव्यात का?

घ्याव्यात, घाईनं नको. अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ आधी घ्या. मुंबईत खाणीतलं काम सुटलेला भीमा मढी उकरून त्यांच्या अंगावरचं, तोंडातलं सोनं काढतो. एका रात्री त्याची बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात आणि ती जातात. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. भीमा चोर आहे का, यावर पोरं तुटून पडतात. भुकेबद्दल एकदा मोकळं बोलणं झालं की अकरावीत बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाकडं जाता येतं.

एक नियम मोडू नका. कुठल्याही पोराकडं वळून “तुमच्याकडं काय असतं, तू सांग” असं म्हणू नका. त्याला वाटलं तर तो बोलेल. कथेतल्या माणसाबद्दल बोलायचं, वर्गातल्या माणसाबद्दल नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या आठवणी मराठवाड्यातल्या घराघरांत आहेत आणि सगळ्या एकाच बाजूच्या नाहीत. पोरं त्या घरून घेऊन येतात.

प्रेमाच्या गोष्टी?

पोरं त्या तुमच्याशिवाय वाचतातच. एखादी चांगली तुमच्यासमोर वाचली तर बिघडत नाही. वर्ग हसणार, हसू द्या.

वाचून झालं, पण कुणी बोलतच नाही. काय करायचं?

आधी आपण गप्प बसायचं. पूर्ण एक मिनिट. हे लिहायला सोपं आहे, वर्गात ते मिनिट तासाएवढं वाटतं. शिक्षकाला शांतता सोसत नाही, म्हणून तोच उत्तर देऊन टाकतो.

शेवटाआधी थांबणं हा दुसरा उपाय. चेकॉव्हची ‘पैज’ घ्या. वीस लाखांसाठी पंधरा वर्षं कोंडून घ्यायला एक तरुण वकील तयार होतो. मुदत संपायच्या आदल्या रात्री पैसे द्यावे लागू नयेत म्हणून सावकार त्याला मारायला खोलीत शिरतो. टेबलावर चिठ्ठी असते. पुस्तक मिटा. चिठ्ठीत काय असेल ते प्रत्येकानं दोन ओळींत लिहायचं. नाव घालायचं नाही. मग मी त्या चिठ्ठ्या वाचते. कधीही न बोलणाऱ्या पोरांच्या ओळी बहुतेक वेळा सगळ्यात भारी असतात, आणि आपली ओळ वाचली जाताना त्यांचे कान लाल होतात.

आणखी एक खेळ आहे, मुलांना फार आवडतो. पात्रानं केलं ते बरोबर की चूक? ‘बरोबर’वाले खिडकीकडं, ‘चूक’वाले दाराकडं. बोलता बोलता मत बदललं तर चालत पलीकडं जायचं. मत बदलणं म्हणजे हरणं नाही हे तोंडानं सांगून पटत नाही, पायांनी पटतं. जागा मात्र मोकळी हवी. आम्ही वऱ्हांड्यात करतो.

टाळायचे प्रश्न : या कथेचं तात्पर्य काय, लेखकाला काय सांगायचं आहे, यावरून आपण काय शिकलो. हे तीन विचारले की पोरं परीक्षेच्या भाषेत बोलायला लागतात. त्याऐवजी “तुला कुठं राग आला?” हा एक प्रश्न पुरतो.

आमच्या मुलाला गोष्टी आवडत नाहीत, फक्त विज्ञान आवडतं.

त्याला जयंत नारळीकर द्या. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह सहज मिळतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये सगळं आरशातल्यासारखं उलटतं. लेखकाचा किस्साही सांगा : १९७४ मध्ये त्यांनी कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं.

दहावीचं वर्ष आहे. पालक म्हणतात अभ्यास बुडतो.

आठवड्यात एक तास. याहून जास्त वाद मी घालत नाही. एका वडिलांना वर्गात बसवलं, ‘नेकलेस’ होती. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले.

पुस्तकं कुठून आणायची? झेरॉक्स चालते का?

तालुक्याचं सार्वजनिक ग्रंथालय आधी गाठा. शासनमान्य ग्रंथालयांत हे लेखक बहुतेक असतातच, फक्त वरच्या फळीवर धूळ खात असतात. ग्रंथपालाला चार दिवस आधी यादी द्या.

आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो. प्रेमचंद (निधन १९३६), रवींद्रनाथ (१९४१), बी. रघुनाथ यांचं मूळ लेखन त्यामुळं खुलं आहे. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा वेगळा असतो, ते विसरू नका. शिकवण्यासाठी शिक्षकानं प्रती काढायला कायद्यात सवलत आहे. पीडीएफ करून गावभर पाठवायला नाही.

खरं तर तीस प्रतींची गरजच नसते. एक पुस्तक, एक वाचणारा, बाकी ऐकणारे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं काय? दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो.

हंगामी वसतिगृहात काही राहतात, बाकीची आई-बापाबरोबर कोयत्यावर जातात ती थेट मार्च-एप्रिलला उगवतात. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक पुस्तक घालते. काही परत येतात, काही पाचटात जातात. चालायचंच.

एका डिसेंबरात आम्ही चेकॉव्हची ‘वांका’ वाचली. मॉस्कोत चांभाराकडं कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरगा नाताळच्या आदल्या रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा म्हणून. पत्ता घालतो, ‘गावाकडं, आजोबांना’. पेटीत टाकतो आणि आशेनं झोपी जातो. वर्गात कुणीतरी म्हणालं, “पिनकोड टाकला असता तर पोचलं असतं.” मग पोरांना कल्पना सुचली, की तोडीला गेलेल्या आपल्या सहा जणांना ही गोष्ट पत्रातून पाठवू. पाकिटं आणली, गोष्ट वाटून उतरवली. पत्त्याच्या जागी पेन अडलं. टोळी कर्नाटकात होती एवढंच ठाऊक, आणि कोप (राहायची झोपडी) आज एका फडाशेजारी तर उद्या दुसऱ्या. शेवटी एकाच्या चुलत्याकडून मुकादमाचा नंबर मिळाला. पोरांनी आळीपाळीनं वाचून ‘वांका’ माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि मुकादमाला पाठवली. चार दिवसांनी रात्री साडेदहाला उत्तर आलं. मागं ट्रॅक्टरचा आवाज, आणि आमच्या वर्गातला दत्ता विचारत होता, “मॅडम, म्हाताऱ्याला भेटलं का मग ते पत्र?”